तळघराचं दुसरं दार : पेवापासून खिडकीपर्यंत

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, हा इतिहासाचा विषय की इंजिनिअरचा? तळघरातल्या झोपायच्या खोलीला संकटात बाहेर पडता येईल अशी खिडकी असावी का, असली तर केवढी, आणि ती कुठे उघडावी. प्रश्न एवढाच आहे. पण आपल्याकडे त्याचं उत्तर वाकडं का होतं, हे समजायला आपल्याला बरंच मागे जावं लागतं. म्हणून तो आम्ही या व्याख्यानमालेत घेतला.

आधी आजचं चित्र डोळ्यासमोर आणू. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जा. जागेचे भाव वाढले, प्लॉट लहान झाले. मग पुढे दुकान, वर राहायचं घर आणि खाली तळघर. कागदावर ते गोदाम असतं. पण गोदामाच्या कोपऱ्यात एक खाट असते. तिच्यावर कधी दुकानातला मुलगा झोपतो, कधी रखवालदार, कधी शिकायला गावाहून आलेला भाचा. आणि मे महिन्यात तर घरचीच माणसं गादी घेऊन खाली उतरतात, कारण वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात वरच्या स्लॅबखाली झोपवत नाही. तळघर थंड असतं. त्यात चूक काय, असं कोणालाही वाटेल.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात जमिनीखालची जागा शतकानुशतकं वस्तू ठेवण्यासाठी बांधली गेली, माणूस झोपवण्यासाठी नाही. वस्तू ठेवायच्या जागेला तोंड एकच असावं लागतं, माणसाच्या जागेला दोन लागतात. आपण जागा जुनीच ठेवली आणि तिच्यात माणूस नेऊन झोपवला. सगळा घोळ तिथे आहे.

सुरुवात वाशिमपासूनच करू. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा हरिषेण हा राजा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं. तो भिक्षूंच्या राहण्याचा विहार आहे. मध्ये मोठं दालन आणि भोवती छोट्या छोट्या खोल्या. प्रत्येक खोलीला एकच दार, खिडकी नाही. म्हणजे वाशिमच्या दरबारातल्या माणसाने दीड हजार वर्षांपूर्वी एका तोंडाच्या निजायच्या खोल्या करून ठेवल्या होत्याच की!

पण जरा नीट बघा. ती खोली एका मोठ्या दालनात उघडते आणि दालनाच्या दर्शनी भिंतीला दारं आणि खिडक्या आहेत. वराहदेवाच्या शिलालेखात लेण्याचं वर्णन करताना या खिडक्या-दारांचा मुद्दाम उल्लेख आहे. शिवाय लेणं डोंगराच्या कड्यात, नदीच्या पात्रापेक्षा बरंच उंच. पाणी आत शिरत नाही आणि दगड पेट घेत नाही. खोलीला एक दार चाललं, कारण बाकीचं काम जागेनेच केलं होतं. आपल्या बाजारपेठेतल्या तळघराला यातलं काहीच लाभलेलं नाही. ते रस्त्याच्या खाली असतं, आणि त्यात पुठ्ठा, कापड, प्लास्टिक भरलेलं असतं.

आता डोंगरातून शेतात येऊ. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. धान्य साठवायचं पेव खणायचं तर कोरडी, टणक, पाणी न धरणारी जागा बघून खणायचं. पेव बाटलीसारखं असतं, तोंड अरुंद आणि पोट रुंद. तळाला आणि कडेला कडबा किंवा पेंढा, आत ज्वारी, वरून तोंड मातीने लिंपून बंद. आत धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडा मरतो. धान्य टिकतं ते याच कारणाने.

पण जी हवा किड्याला मारते तीच माणसालाही मारते. म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही. तोंड उघडं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, दिवा आत सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, तिथेही उतरणाऱ्यांना हे शिस्तीने पाळावं लागे. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याने निकामी झाली. जमिनीखालच्या साठ्याचे दोन वैरी, कोंडलेली हवा आणि शिरलेलं पाणी. आपल्या लोकांना दोन्ही पक्के माहीत होते. ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेवात झोपावं असं कोणाच्या डोक्यात कधी आलं नाही.

गावातला मोठा वाडा असेल तर तिथे बळद असायचं, म्हणजे भिंतीच्या पोटात किंवा जमिनीखाली केलेलं धान्याचं कोठार. वरून भरायचं, खालच्या छोट्या तोंडातून काढायचं. शिवाय दागिने, नाणी, कागदपत्रं ठेवायला तळघर. त्याची वाट देवघरातून किंवा माजघरातून, एकच आणि तीही लपवलेली. दुसरी वाट ठेवली असती तर ठेवा सुरक्षित कसा राहिला असता? त्या काळात जमीन हीच बँक होती, आणि बँकेच्या तिजोरीला मागचं दार ठेवत नाहीत.

ही भीती उगाच नव्हती. आपल्या जिल्ह्यातलंच कारंजा लाड घ्या. सतराव्या शतकात हे वऱ्हाडातलं अत्यंत श्रीमंत व्यापारी गाव. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौज मोगलांच्या वऱ्हाडात शिरून कारंज्यावर येऊन धडकली. जदुनाथ सरकारांनी दिलेली हकीकत अशी, की सोनं, चांदी आणि उंची कापड मिळून चार हजार बैल-गाढवांवर लादलं गेलं, मालाची किंमत एक कोट रुपये. गावातले धनिक खंडणीसाठी धरून नेले. त्यांतला सगळ्यांत मोठा तेवढा निसटला, तोही बायकांचे कपडे घालून.

या प्रसंगाकडे आपण एरवी स्वराज्याच्या बाजूने बघतो, आणि ते बरोबरच आहे. आज क्षणभर घराच्या बाजूने बघू. त्या सावकारांनी संपत्ती राखायला काय काय केलं असेल! पण स्वतः बाहेर पडायची वेळ आली तेव्हा एकाला वेषांतर करावं लागलं आणि बाकीचे धरले गेले. संपत्तीचा विचार झाला होता, माणूस बाहेर कसा पडेल याचा झालेला नव्हता.

तो विचार त्या काळात कोणी केलाच नव्हता का? केला होता. तो गडांवर झाला. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यात गड कसा बांधावा याचं प्रकरण आहे. एकच दरवाजा असणं हा गडाचा मोठा दोष, असं अमात्य स्पष्ट सांगतात. जागा बघून दोन-तीन दरवाजे करावेत, तशाच चोरदिंड्या ठेवाव्यात. त्यातल्या रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्या उघड्या ठेवाव्यात आणि बाकीच्या चिणून टाकाव्यात. चिणायच्या, पण जागा तयार ठेवायची. शत्रूला दिसू नये आणि आपल्याला वेळेला उघडता यावी.

अमात्यांनी हे नुसत्या तर्काने लिहिलेलं नाही, त्यांच्या पिढीने ते अनुभवलं होतं. १६८९ मध्ये मोगल रायगडाकडे सरकले तेव्हा राजाराम महाराज गडावरून निसटले. ते वाघ दरवाजाने उतरले असं इतिहासात सांगतात. तो दरवाजा महादरवाजापासून दूर, दुसऱ्याच अंगाला, आणि कड्यावर उघडणारा. उतरायला अवघड, रोजच्या वापराला कुचकामी. पण त्या दिवशी राज्य त्या वाटेने वाचलं.

आता एक गंमत सांगतो. ‘खिडकी’ या शब्दाचा अर्थ जुन्या कोशांत बघा. वारा-उजेडासाठीचं भोक हा अर्थ तर आहेच, पण ‘छोटं दार’, ‘दिंडी’ असाही आहे. म्हणजे ज्यातून माणूस जाऊ शकतो ती खिडकी, हा अर्थ परदेशातून आणायची गरज नाही. तो आपल्याच शब्दात होता. आपण तो मध्येच कुठेतरी हरवला.

कुठे हरवला? आमच्या मते लोखंडी गजांमध्ये. विटांची आणि पुढे सिमेंटची घरं आली, खिडक्या मोठ्या झाल्या, आणि चोराच्या भीतीने प्रत्येक खिडकीला गज किंवा ग्रिल बसलं. तेही भिंतीत पक्कं गाडून. आज आपल्या गावात बिनग्रिलची खिडकी शोधून सापडणार नाही. तळघराला तर छताजवळ फूटभर उंचीचा झरोका, आणि त्यालाही गज. चोर आत येऊ नये याची आपण पूर्ण सोय केली. त्याच सोयीने आतला माणूस बाहेर पडू शकत नाही.

आणखी एक बदल काळी-पांढरीचा. जुनं पेव पांढरीत असायचं. आताचे लेआउट गावाबाहेर पडले, म्हणजे काल-परवापर्यंत जिथे सोयाबीन होतं त्या काळीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाणी धरून ठेवते. तिच्यात तळघर खणलं की भिंतीवर बाहेरून दाब येतो, ओल येते, आणि जोराच्या पावसात रस्त्याचं पाणी उताराने थेट जिन्यात येतं. आपल्या पूर्वजांनी जिथे पेवसुद्धा खणलं नसतं, तिथे आपण खाट टाकतो.

कायदा काय म्हणतो? राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली आली. तिच्यात तळघर पार्किंग, साठवण, यंत्रसामग्री अशा कामांसाठी आहे. राहण्यासाठी नाही. म्हणजे तळघरातली झोपायची खोली मुळात मंजूर नकाशात असूच शकत नाही. आणि जी खोली नकाशात नाही तिच्या खिडकीचा नियम कोण करणार? कागदावर तिथे पोती झोपतात, म्हणून दुसऱ्या वाटेचा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात तिथे माणूस असतो.

याची किंमत किती, ते दिल्लीने दाखवलं. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी जुन्या राजेंद्रनगरमध्ये रस्त्यावर पाणी तुंबलं आणि एका शिकवणी वर्गाच्या तळघरात घुसलं. परवानगी साठवण आणि पार्किंगची होती, वापर वाचनालय म्हणून होत होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं पुण्याला, दिल्लीला याच परीक्षांसाठी जातात, त्यामुळे ही बातमी आपल्या घरांपासून दूरची नव्हती.

श्रीमंत शहरंही यातून सुटत नाहीत. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्क शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरातल्या घरांत. त्या घरांपैकी बरीचशी तिथल्या नियमाप्रमाणे मंजूरच नव्हती. माणसं स्थलांतरित, कष्टकरी, भाडं परवडत नाही म्हणून खाली राहणारी. दोन्ही शहरांचा धडा सारखाच आहे. नकाशात नसलेल्या खोलीत माणूस राहतो, आणि पाणी नकाशा बघत नाही.

इथे थोडा हिशेब करू. मीटरभर रुंदीचं दार आहे आणि बाहेर साठ सेंटिमीटर, म्हणजे मांडीपर्यंत पाणी साचलं आहे. आत पाणी नाही. तर त्या दारावर साधारण १८० किलोचा भार येतो. दार पाण्याच्या बाजूला उघडत असेल तर घाबरलेल्या माणसाला ते ढकलणं जवळजवळ अशक्य. आणि आग लागली तर उलटं होतं. तळघरातला धूर वर जायला बघतो आणि वर जायची वाट एकच, जिना. म्हणजे माणसाची वाट तेच धुराडं होतं. इन्व्हर्टरची बॅटरी किंवा चार्जिंगला लावलेली स्कूटर जिन्याखाली असेल, तर आग वाटेवरच असते.

म्हणून अमेरिकेत घरबांधणीचे जे नमुना नियम आहेत, त्यात तळघरातल्या झोपण्याच्या प्रत्येक खोलीला बाहेर पडण्याजोगी खिडकी लागते. उघडल्यावर मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट (जमिनीलगतच्या किंवा तिच्याखालच्या खिडकीला ५), रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. इथे लोक फसतात. २० बाय २४ इंचांची खिडकी केली तर जागा साडेतीन चौरस फूटही भरत नाही. ५.७ चौरस फुटांसाठी रुंदी २० ठेवली तर उंची ४१ इंच लागते. खिडकी जमिनीच्या पातळीखाली असेल तर बाहेर खड्डा ठेवायचा, तो किमान ९ चौरस फुटांचा आणि भिंतीपासून ३६ इंच मोकळा. खड्डा ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर शिडी बसवायची. गज असतील तर ते आतून, किल्लीशिवाय, कोणत्याही अवजाराशिवाय उघडले पाहिजेत. ही मापं बाहेर पडणाऱ्या माणसाचा विचार करतात आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन आत येणाऱ्या अग्निशमन जवानाचाही.

कॅनडात आकडे वेगळे आहेत, मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. आपल्यापैकी अनेकांची मुलं न्यू जर्सीत, टोरांटोत आहेत. आई-बाबा चार-सहा महिने राहायला गेले की त्यांची सोय बहुधा बेसमेंटमध्ये होते. तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी खिडकी उघडून बघावी. सत्तरीच्या माणसाला ती उघडता येते का, खाली एखादा भक्कम स्टूल लागेल का, हे मुलाला विचारायला संकोच करू नये.

आता परत वाशिमला. ही अमेरिकेची खिडकी इथे आणून बसवली की झालं का? नाही. आगीला खिडकी खाली हवी आणि पुराला ती वर हवी. आपल्या पावसात खिडकीबाहेरचा तो खड्डा म्हणजे आयता हौद, आणि हौद भरला की खिडकीतूनच पाणी आत. म्हणून आपल्याकडे पहिलं उत्तर कायद्याचंच आहे, तळघरात झोपायचं नाही. नवीन बांधत असाल तर ते पैसे तळघरात घालू नका, गच्चीवर सावली करा, छताला उष्णता रोखणारा थर द्या. मे महिन्याचा प्रश्न वरच सुटला तर गादी खाली जाणार नाही.

पण जे तळघर आहे, ज्यात दिवसा का होईना माणसं बसतात, काम करतात, त्याचं काय? तिथे आज्ञापत्राचीच पद्धत चालते. दुसरी वाट पहिल्या वाटेपासून लांब, समोरच्या अंगाला हवी, एकाच जिन्याला दोन दारं नकोत. ती मोकळ्या आकाशाखाली उघडली पाहिजे. शेजारच्या डक्टमध्ये किंवा कुलूप लावलेल्या शटरमागे उघडली तर ती वाटच नाही. खिडकीबाहेरच्या खड्ड्याचा कठडा रस्त्यापेक्षा उंच हवा, तळाला पाणी निघून जाईल अशी नाली हवी, आणि वरची जाळी खालून एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. ग्रिल काढायला नको, फक्त बिजागरीवर घ्या आणि आतून कडी ठेवा. गावातला कुठलाही वेल्डिंगवाला हे करून देईल. कडीला कुलूप मात्र नको. कुलपाची किल्ली वेळेला सापडत नाही.

आणि वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, ती खिडकी उघडून घरातल्या प्रत्येकाने तिच्यातून बाहेर येऊन बघावं. अमात्यांनी चिणलेली दिंडी वेळेला उघडायची, ते शक्य होतं कारण ती कुठे आहे हे गडावरच्या माणसांना ठाऊक होतं. आपल्याकडे ती जागा कपाट ठेवून बंद होते, आणि दोन वर्षांनी खोलीतल्या नव्या मुलाला कपाटामागे खिडकी आहे हेही माहीत नसतं.

घरमालक असाल तर भाडेकरूला, दुकानदार असाल तर खाली झोपणाऱ्या मुलाला एवढं नक्की विचारा, जिना बंद झाला तर तू कुठून बाहेर येशील? त्याने बोट दाखवलं तर ठीक. तो गप्प राहिला तर आज रात्री त्याची खाट वर आणा. खिडकीचं काम नंतर होईल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.